वीस मिनिटांच्या चाचणीला माणसं किती लागतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न साधारण असा असतो: एचआयव्हीची चाचणी सरकारी दवाखान्यात फुकट, निकाल अर्ध्या तासाच्या आत, औषध म्हणजे बहुतेकांना रोज एक गोळी, तीही फुकट. मग ‘माणसं कमी पडतात’ ही ओरड कसली? आणि पाठोपाठ, ‘डॉक्टरच मिळत नसतील ना?’

डॉक्टर मिळत नाहीत, खरंय. पण चाचणीचं काम अडतं ते समुपदेशक आणि लॅब टेक्निशियन या दोन खुर्च्यांपाशी. आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, बहुतेक ठिकाणी याच दोघांवर चालतं, आणि दोघंही बहुधा कंत्राटी.

आधी समुपदेशक. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही, आणि चाचणीआधी व नंतर समुपदेशन ठेवावंच लागतं. आता दर महिन्याची 9 तारीख घ्या. गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस. तीस जणी आल्या आणि प्रत्येकीला दहा मिनिटं दिली, तर नुसत्या बोलण्यातच पाच तास गेले. म्हणून माहिती सगळ्यांना एकत्र सांगतात आणि संमती एकेकीची घेतात. हे चालतं. चालत नाही ते पुढचं: त्यातल्या एकीचा निकाल पॉझिटिव्ह आला की तिच्याशी तासभर बोलावं लागतं. नवऱ्याची चाचणी, बाळंतपण कुठे, घरात कुणाला सांगायचं. बाहेर रांग असली की हाच तास दहा मिनिटांवर येतो, आणि ती बाई पुन्हा फिरकत नाही.

टेक्निशियनचं काम बाहेरून पट्टीवर थेंब टाकण्याइतकंच दिसतं. किटच्या पत्रकावर निकाल कधी वाचायचा ती वेळ छापलेली असते. लवकर वाचलं तर फिकट रेघ उमटायची राहते. फार उशिरा वाचलं तर सुकलेल्या पट्टीवर नसलेली रेघ दिसू शकते. किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघच आली नाही तर चाचणी बाद, नवं किट घ्यायचं. पहिलं किट रिअॅक्टिव्ह आलं, म्हणजे संसर्गाची शक्यता दिसली, की आणखी दोन वेगळ्या किटवर तोच नमुना तपासतात. तिन्ही जुळले तरच पॉझिटिव्ह. दोन हो आणि एक नाही आलं तर निकाल अनिश्चित, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. त्याच टेबलावर त्याच माणसाकडे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर आणि थुंकीचे नमुने पडलेले असले की टायमर वाजतो आणि कुणी उठत नाही. चूक किटची नसते.

उपकेंद्रावर सिस्टर बोटातून थेंब घेऊन तपासतात. सोय उत्तम, पण ती फक्त प्राथमिक चाचणी. रिअॅक्टिव्ह आलेल्या माणसाला पक्क्या निकालासाठी तालुक्याला जावं लागतं, आणि या एस.टी.च्या प्रवासात माणसं हरवतात. सोबत कुणी गेलं तर पोचतात. ते ‘कुणी’ पगारपत्रकावर नसतं.

उपचाराच्या बाजूला, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर, पथक मोठं: डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, समुपदेशक, डाटा मॅनेजर, केअर को-ऑर्डिनेटर. तिथलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम म्हणजे गोळ्या मोजणं. तीस गोळ्या दिल्या, रुग्ण अठ्ठावीस दिवसांनी आला, तर दोन उरायला हव्यात. आठ उरल्या तर अठ्ठावीसपैकी बावीसच घेतल्या, म्हणजे 79 टक्के, हवेत 95. आकडा एका मिनिटात निघतो, कारण काढायला वीस मिनिटं जातात. बाटली खुळखुळते म्हणून सासरी काढता येत नाही. किंवा गोळ्या मोजून बरोबर, पण डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाच्या जोडीला उपाशीपोटी कॅल्शियमची गोळीही सुरू, आणि तिच्यामुळे औषध नीट शोषलंच जात नाही. हे विचारायला माणूस नसला तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, वाढल्यावरच कळतं.

रांग कमी करायचा खरा उपाय म्हणजे प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांची औषधं देणं. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही. ते दर महिन्याला येणार कसे? दुसरा मार्ग काम वाटून देण्याचा. दक्षिण आफ्रिकेत 2010 पासून प्रशिक्षित परिचारिकाच उपचार सुरू करतात. आपल्याकडे एआरटी सेंटरला जोडलेली छोटी लिंक एआरटी केंद्रं जवळच औषध देतात, पण तिथे ते काम असलेल्याच कर्मचाऱ्यांच्या अंगावर असतं. एका सिस्टरची बदली झाली की प्रशिक्षण तिच्याबरोबर जातं. याचा फटका बाळांना बसतो. एचआयव्ही असलेल्या आईच्या सहा आठवड्यांच्या बाळाची चाचणी करताना टाचेतून रक्त घेऊन कार्डावरची वर्तुळं भरायची, उन्हात न ठेवता निदान चार तास सुकवायची. अर्धवट भरलेलं किंवा ओलं पाकीटबंद केलेलं कार्ड प्रयोगशाळा परत पाठवते, आणि आईला पुन्हा बोलवावं लागतं.

म्हणून तुमच्या तालुक्यात किती पदं भरलीत एवढंच विचारू नका. टेक्निशियन रजेवर असतो त्या दिवशी नमुना कोण तपासतं आणि त्याला किट वाचायला कुणी शिकवलंय, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘उद्या या.’