अंक दारात पडेपर्यंत : आमच्या पेपर एजन्सीची वाटचाल

आमच्या घरात पहिला पेपर आला तो 'गावकरी'. दादासाहेब पोतनीसांनी १९३८ साली नाशकात तो साप्ताहिक म्हणून काढला, १९४७ मध्ये दैनिक झाला. वडील ओसरीवर मोठ्याने वाचायचे आणि गल्ली ऐकायची. त्यामुळे पेपर विकायचा धंदा मला कधी हलका वाटला नाही.

सुरुवात चाळीस अंकांनी केली, पंचवटीत, जुन्या सायकलवर. मुंबईचे पेपर तेव्हा रात्रीच्या गाडीने नाशिकरोडला उतरायचे. गाडी लेट झाली की मी प्लॅटफॉर्मवर आणि गिऱ्हाईक अंगणात, दोघेही येरझाऱ्या घालायचो. मोठी दैनिकं नाशकातच छापू लागली तेव्हा खप वाढला आणि आमच्या लाइनीही, म्हणजे घरोघर अंक टाकायच्या फेऱ्याही, वाढल्या. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड.

पहाटे चारला फुटपाथवर गठ्ठे सुटतात. पुरवणी भरताना डाव्या अंगठ्याने अंक उघडायचा, उजव्या हाताने आत सरकवायची. शाई ओली असेल तर बोटं काळी होतात, पावसाळ्यात प्लास्टिक आधी लागतं. चांगला मुलगा तासाभरात दोनशे घरं करतो आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अंक अलगद टाकतो. ही कला आहे, असं मी मनापासून मानतो.

एका नव्या दैनिकाने मात्र आम्हाला पोळलं. वर्षाची वर्गणी अगदी नाममात्र, सोबत भेटवस्तू. आम्ही दारोदार फिरून नावं जमवली. अंकाच्या किमतीत कागदाचाही खर्च निघत नाही, पेपर चालतो जाहिरातीवर आणि जाहिरातीचा दर ठरतो खपावर, म्हणून त्यांना आकडा हवा होता. वर्ष सरलं, निम्मी घरं गळाली. उरलेले अंक परत घेतले नाहीत, आमचं कमिशन थकलं. त्यानंतर परतीचा हिशेब लेखी असल्याशिवाय मी एकही गठ्ठा उचललेला नाही.

२ ऑगस्ट २०१६ला गोदावरीला मोठा पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी अंक डोक्यावर घेऊन चिखलातून लाइन केली, कारण आपल्या गावाचे फोटो लोकांना त्याच दिवशी बघायचे होते. कोरोनात सोसायट्यांची गेटं बंद झाली. तेव्हा तुटलेली बरीच घरं परत जोडली गेली नाहीत.

आज आठ लाइनी आहेत. वसुलीची वही बायको सांभाळते, मुलगा स्कूटरवरून गठ्ठे पोचवतो. पंचवटीची लाइन अजून मीच करतो, सायकलवर.