माझा अनुभव: कम्युनिटी कॉलेज, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी आणि अडवलेलं गणित

न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सचा एएएस (दोन वर्षांची असोसिएट पदवी) केला. अर्ज, लसींचे दाखले, काउंटीत राहत असल्याचा पुरावा, सगळं बिनबोभाट झालं. एच-४ वर (एच-१बीवर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) शिकायला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, लागत नाही. अडलं ते गणितात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

डीसी सर्किट्स हा कोर्स घ्यायचा तर टेक्निकल मॅथ हा कोर्स आधी झालेला हवा. माझी पदविका एमएसबीटीईची, म्हणजे महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाची. तिच्यात बेसिक, इंजिनिअरिंग आणि अप्लाइड, अशी तीन गणितं. कॉम्प्लेक्स नंबर आणि इंटिग्रेशनसकट. परदेशी शिक्षणाच्या मूल्यांकनाच्या रिपोर्टमध्ये तिन्ही विषय व्यवस्थित आले होते. पण रेकॉर्ड्स ऑफिसने ते नुसते ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक) म्हणून चढवले. म्हणजे क्रेडिट पदरात पडलं, पण नोंदणीची सिस्टीम टेक्निकल मॅथचा कोड शोधते. तो सापडत नाही, म्हणून डीसी सर्किट्सला कुलूप. खिडकीवर उत्तर एकच: ‘तुमचं क्रेडिट लागलंय.’ अॅडव्हायझर म्हणणार रेकॉर्ड्सला विचारा, रेकॉर्ड्स म्हणणार अॅडव्हायझरला विचारा. इथे डीसी फक्त फॉलमध्ये, एसी त्याच्यावर आधारलेलं आणि फक्त स्प्रिंगमध्ये. एक कोर्स हुकला की अख्खं वर्ष गेलं. शिकलेल्या माणसाला शिकलेलंच पुन्हा पैसे भरून शिकायला लावणं मला आजही पटत नाही.

हे कुलूप खिडकीवर उघडत नाही. ते प्रोग्राम कोऑर्डिनेटर उघडतात. त्याला प्रीरिक्विझिट ओव्हरराइड (आधीच्या कोर्सच्या अटीतून सूट) म्हणतात. ईमेलमध्ये स्टुडंट आयडी, कोर्सचा कोड, सेक्शन, रिपोर्टचं संबंधित पान आणि अभ्यासक्रमाची पानं जोडा. सोबत दोन रकान्यांचा तक्ता द्या: डावीकडे टेक्निकल मॅथचे टॉपिक, उजवीकडे आपल्या अभ्यासक्रमातलं युनिट. त्रिकोणमिती आणि कॉम्प्लेक्स नंबर ठळक दाखवा, कारण एसीत फेझर (एसी व्होल्टेज आणि करंट मांडायची पद्धत) त्यावरच चालतात. विषय शिकवणाऱ्या माणसाला हा तक्ता वाचता येतो, खिडकीवरच्याला नाही. पत्र अॅड-ड्रॉपच्या (कोर्स घ्यायच्या किंवा सोडायच्या) मुदतीच्या बरंच आधी जाऊ द्या.

हो, मूल्यांकन ‘कोर्स-बाय-कोर्स’च मागवा. साध्या रिपोर्टमध्ये विषय येतच नाहीत, मग तक्ता कशाच्या जोरावर करणार?

ओव्हरराइड नाहीच मिळाला तर अॅक्युप्लेसर ही प्लेसमेंटची (पातळी ठरवणारी) परीक्षा द्या. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, ठरावीक प्रश्नांनाच स्क्रीनवर मिळतो, आणि उत्तर दिलं की मागे जाता येत नाही.

लॅबला घाबरू नका, पण पाव वॉटचा रेझिस्टर जपा. १०० ओहमवर १२ व्होल्ट लावले की १.४४ वॉट होतात. काही क्षणांत धूर. मोठ्या ब्रेडबोर्डची (सोल्डरशिवाय सर्किट जोडायची पाटी) पॉवर रेल बऱ्याचदा मध्यावर तुटलेली असते, तिथे जंपर टाका. पीएलसीत (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) स्टॉपचं बटण वायरिंगमध्ये नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जोडलेलं) असतं, म्हणून लॅडरमध्ये, म्हणजे त्याच्या प्रोग्रामच्या आकृतीत, त्याच्यासाठी साधा उघडा (नॉर्मली ओपन) कॉन्टॅक्टच काढायचा. बंद कॉन्टॅक्ट काढला तर स्टार्ट कितीही दाबा, मोटर हलत नाही.

पुढे बॅचलर करायचं असेल तर पहिल्याच सेमिस्टरला विचारा की कुठल्या विद्यापीठाशी ट्रान्स्फरचा करार आहे आणि त्यात कोणते कोर्स धरतात. एएएसचे सगळे क्रेडिट सगळीकडे चालत नाहीत. आणि एच-४ वर ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर पगारी इंटर्नशिप घेता येत नाही. ती सक्तीची आहे का, हे प्रवेशाआधीच बघा.