तक्त्यावर ६/६, रस्त्यावर वलये : लेसरनंतरची रात्रीची दृष्टी

लेसर शस्त्रक्रियेने चष्मा सुटल्यानंतर दिवसा उत्तम दिसत असूनही रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हा मनाचा भास नसतो. त्याला डोळ्यातली ठोस कारणे असतात, ती बहुतेक वेळा शोधता येतात, आणि म्हणूनच ‘होईल हळूहळू सवय’ एवढे ऐकून रुग्णाने गप्प बसू नये, असे मला मनापासून वाटते.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे सहाच्या आसपास होता. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये काम करते. निर्यातीच्या हंगामात माल भरून गाडी रवाना होईपर्यंत रात्र होते आणि मग दिंडोरी रस्त्याने नाशिकला परतायचे असते. शस्त्रक्रियेनंतर त्या रस्त्यावर समोरून अप्पर लावून आलेल्या गाडीचे दिवे मला नीट वेगळे दिसेनात. प्रत्येक दिव्यातून बारीक, लांब किरणे चहूबाजूंनी फुटत, एकमेकांत मिसळत, आणि त्या उजेडाच्या आड कडेने चालणारा माणूस पुरता नाहीसा होई. शहरात शिरल्यावर सिग्नलच्या तांबड्या दिव्याभोवती धूसर कडे दिसे, आणि सेकंद मोजणाऱ्या आकड्यांखाली त्याच आकड्यांची फिकट सावली उमटे.

तपासणीत मात्र सगळे छान निघाले. “ताई, सिक्स बाय सिक्स आहे, आता काळजी कसली?” असे मला सांगण्यात आले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. पांढऱ्या उजळ तक्त्यावरची काळीभोर अक्षरे वाचता येणे ही दृष्टीची एक बाजू झाली. अंधारात, कमी फरकाच्या छटांमध्ये आणि डोळ्यांवर येणाऱ्या उजेडात किती दिसते, हे तो तक्ता सांगत नाही. त्यासाठी कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटीची वेगळी चाचणी असते.

मूळ कारण समजून घेताना मला सर्वाधिक उपयोग झाला तो साध्या आकड्यांचा. उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते, तर तरुण माणसाच्या डोळ्यात काळोखात ती सात मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठी होऊ शकते. लेसरने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, जो मधला भाग पूर्ण सुधारला जातो, तो साधारणपणे सहा ते साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो. बाहुली त्यापलीकडे उघडली की सुधारलेल्या भागाच्या कडेवरून येणारा प्रकाशही आत शिरतो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एका बिंदूत न जुळता पसरतो. शिवाय लघुदृष्टी घालवताना कॉर्निया मध्यभागी सपाट होतो, त्यामुळे मधून आणि कडेने येणाऱ्या किरणांचा मेळ आधीइतका राहत नाही. मग सुधारलेला भाग मोठाच का ठेवत नाहीत? कारण त्याची किंमत कॉर्नियाच्या जाडीत मोजावी लागते. ढोबळ हिशेबाने व्यासाचा वर्ग गुणिले नंबर भागिले तीन इतके मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) ऊतक जाते. म्हणजे उणे सहासाठी सहा मिलिमीटरला ७२ मायक्रॉन, तर सात मिलिमीटरला ९८. कॉर्नियाची एकूण जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, त्यातून फ्लॅपचे, म्हणजे लेसरसाठी उचलल्या जाणाऱ्या वरच्या पातळ पापुद्र्याचे, शंभरेक मायक्रॉन वजा जातात, आणि खाली किमान २५० तरी शिल्लक ठेवावे लागतात. मोठ्या नंबरच्या लोकांना हा त्रास अधिक का होतो, ते यावरून ध्यानात येते. अर्थात सगळा दोष बाहुलीच्या आकाराचाच असतो असे नाही. उरलेला थोडासा नंबर किंवा सिलिंडर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर), फ्लॅपवरच्या बारीक सुरकुत्या आणि डोळ्यांचा कोरडेपणा यांनीही हेच घडते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढाकार घेतलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी अशी कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी लेसरनंतर तीन महिन्यांनी किमान एक नवे दृष्टिलक्षण नोंदवले. त्यामुळे रोजची कामे करणे फार अवघड झाले असे सांगणारे मात्र एक टक्क्याहून कमी होते. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. फक्त पहिली सांगितली तर लोक उगाच घाबरतात, आणि फक्त दुसरी सांगितली तर माझ्यासारखीला आपणच काही वाढवून सांगत आहोत की काय, असे वाटू लागते.

डॉक्टरांकडे पुन्हा जाण्यापूर्वी घरी काही निरीक्षणे करून ठेवावीत. एका डोळ्यावर हात ठेवून दूरच्या दिव्याकडे पाहावे, मग दुसऱ्याने, आणि जे दिसते त्याचे चित्र कागदावर काढावे. पापण्या मिटून उघडल्यावर किरणे बदलत असतील तर अश्रूंच्या थराकडे संशय जातो. खोलीतला दिवा लावल्याबरोबर दूरच्या दिव्याचे वलय आक्रसत असेल तर बाहुलीकडे. माझ्या कागदावरचे चित्र पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, केली आणि बाहुली मोठी करून नंबर तपासला, तेव्हा उजव्या डोळ्यात थोडा सिलिंडर उरल्याचे निघाले.

अनेकांचा त्रास तीन ते सहा महिन्यांत कमी होत जातो. मला कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि फक्त रात्री गाडी चालवताना लावायचा हलक्या नंबरचा चष्मा दिला आहे. आता किरणे आखूड झाली आहेत, वलय अजून दिसते. अंधारात बाहुली फार उघडू नये म्हणून ब्रिमोनिडिनचे थेंबही काही जणांना देतात, पण ते मुळात काचबिंदूचे औषध आहे. शेजाऱ्याची बाटली आणून घालण्याचा हा प्रकार नव्हे. पिवळ्या काचांच्या ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्म्यांवरही पैसे घालवू नयेत, कारण त्या काचा डोळ्यात येणारा उजेड आणखी घटवतात आणि अंधारातला माणूस दिसायला त्यांची मदत होत नाही.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे आणि ज्यांना रात्री गाडी चालवावी लागते, त्यांनी अंधारातला बाहुलीचा व्यास, कॉर्नियाची जाडी आणि सुधारायच्या भागाचा व्यास हे तीन आकडे आधीच विचारून घ्यावेत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या टोपोग्राफीची प्रतही हट्टाने मागून जपून ठेवावी. पुढे दुरुस्तीचे लेसर करायची वेळ आली, तर नवे डॉक्टर सर्वात आधी तीच मागतात.