खाडीपलीकडची पोरं : पॉइंट प्युअर, टास्मानिया

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, राजधानी हॉबार्टहून पोर्ट आर्थर या कैद्यांच्या जुन्या वसाहतीला गाडीने दीडेक तास लागतो. वाटेत ईगलहॉक नेक येतं. जमिनीची ही पट्टी इतकी चिंचोळी आहे की पळून जाणारे कैदी अडवायला इंग्रजांनी तिच्यावर आडवी कुत्र्यांची रांगच साखळीला बांधून ठेवली होती. बाकी तिन्ही बाजूंनी समुद्र!

पोर्ट आर्थर आज इतकं देखणं दिसतं की हा तुरुंग होता हे मनाला पटवून द्यावं लागतं. हिरवळ, जुनी झाडं, बिनछपराच्या दगडी इमारती. मला ओढ होती ती खाडीपलीकडच्या पॉइंट प्युअरची. तिथे फक्त मुलांना ठेवत. धक्क्यावरून सुटणारी बोट या टोकाजवळून जाते, तिचे पैसे प्रवेशाच्या तिकिटातच येतात. खडकाळ कडा, वर दाट झाडी, एवढंच दिसतं. बोटीवरचे बरेच जण तोपर्यंत फोटो काढून खाली बसलेले असतात. तुम्ही बसू नका.

चोरी, खिसेकापूपणा, घरफोडी अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटनमधली मुलं चार-चार महिन्यांच्या बोटप्रवासाने इथे पाठवली जात. वसाहतीतल्या जमीनदारांना राबायला धट्टीकट्टी माणसं हवी होती. या किरकोळ, कसलंही काम न येणाऱ्या पोरांना कोणी ठेवून घेईना. म्हणून गव्हर्नर आर्थरच्या काळात, जानेवारी 1834 मध्ये, हा वेगळा तुरुंग सुरू झाला. 1849 पर्यंत सुमारे 3000 मुलं इथून गेली. सगळ्यात लहान नऊ वर्षांची होती. आपल्याकडे ज्या वयात मुलाला एकट्याने रस्ता ओलांडू देत नाहीत, ते वय.

इथे त्यांना सुतारकाम, चांभारकाम, होड्या बांधणं, दगड घडवणं शिकवत. दिवसभर काम, जोडीला थोडी शाळा आणि प्रार्थना. पोर्ट आर्थरच्या चर्चचं नक्षीचं दगडकाम याच मुलांचं. 1884 च्या आगीत छप्पर गेलं, भिंती टिकल्या. मी एका कमानीपाशी बराच वेळ उभी होते. दगडावर छिन्नीच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट आहेत. काही सरळ, एका मापाच्या. काही मध्येच भरकटलेल्या. कोवळ्या मनगटाला हातोडा किती जड वाटला असेल, याचा विचार डोक्यातून जाईना.

मुलांना कसब मिळालं, हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण तंबाखू सापडली, उलट बोललं, काम टाळलं, की एकांतकोठडी नाहीतर फटके. वॉल्टर पेझली हा इथल्या पहिल्या मुलांपैकी एक. घरफोडीबद्दल तेराव्या वर्षी सात वर्षांची शिक्षा झालेला. पुढची काही वर्षं त्याच्या नावापुढे शिक्षेवर शिक्षा चढत गेली. इतक्या शिक्षांनी पोरगा सुधारत नाही, हे त्या नोंदी ठेवणाऱ्यांना दिसत नव्हतं का? मला याचा अजूनही राग येतो. काळ्या पाण्याची शिक्षा म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, सावरकर आठवतात. त्या शिक्षेवर पाठवलेल्यांत नऊ वर्षांचं मूल असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

पॉइंट प्युअरजवळच एक छोटं बेट आहे, आयल ऑफ द डेड. सुमारे 1100 माणसं तिथे पुरलेली आहेत आणि त्यांत इथली मुलंही आहेत. अधिकारी, सैनिक वरच्या भागात, नावं कोरलेल्या दगडांखाली. कैदी खालच्या उतारावर, बहुतेकांना दगडच नाही. बेटावर उतरायचं तर वेगळं तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर जावं लागतं. ते जरूर काढा.

1843 मध्ये बेंजामिन हॉर्न नावाच्या अधिकाऱ्याने पॉइंट प्युअरची पाहणी करून कडक अहवाल दिला. मुलांना मोठ्या कैद्यांपासून दूर ठेवायचं म्हणून हे ठिकाण काढलं, आणि त्यांच्यावर मुकादम नेमले तेही कैदीच, हे त्यात आलं. तरी तुरुंग बंद व्हायला आणखी सहा वर्षं गेली. उरलेल्या मुलांना दुसरीकडे हलवलं.