आत्याबाईंची पंगत टेबलावर

आमच्याकडे महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण म्हणजे खाली मांडलेली पंगत. पाट, पाटापुढं ताट, ताटाभोवती रांगोळी, शेजारी उदबत्ती. मी सून म्हणून लातूरला आले तेव्हापासून ही मांडणी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातची. पण त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही म्हणून सांगितलं, आणि त्या वर्षी ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी, पूजा झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमी बसा गं समद्या. मी खाईन मागून पलंगावर." ज्यांनी गल्लीतल्या सगळ्या सवाष्णींना आग्रह करकरून वाढलं, त्यांनी सणाच्या दिवशी आतल्या खोलीत मांडीवर ताट घेऊन जेवायचं? मला ते बघवेना. पुढच्या महालक्ष्म्यांना पंगत टेबलावर घ्यायची, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं.

घरात डायनिंग टेबल होतं, पण त्यावर औषधांचा डबा, लाईट बिलं, मिक्सर आणि इस्त्रीला द्यायचे कपडे. जेवणं टीव्हीसमोर. म्हणून आधी रोजची जेवणं टेबलावर आणली. एकदम सणाला नवीन मांडणी केली तर घरच्यांना ते उपऱ्यासारखं वाटलं असतं.

पहिलं काम टेप घेऊन मोजायचं. एका माणसाला ताट, वाट्या आणि कोपर मोकळं ठेवायला टेबलाच्या काठावर दोन फूट तरी लागतात. आमचं टेबल पाच फूट लांब, म्हणजे लांबीच्या बाजूला दोघं ऐसपैस आणि तिघं दाटीवाटीनं. चौघांचीच बैठक नक्की केली आणि उरलेल्या दोन खुर्च्या गच्चीच्या खोलीत टाकल्या. टेबलाची उंची तीस इंच, खुर्चीची अठरा. बाजारात बहुतेक हेच माप मिळतं आणि साधारण उंचीच्या माणसाला ते बरोबर बसतं. आत्याबाई मात्र ठेंगण्या. त्या खुर्चीवर बसल्या की पाय अधांतरी राहायचे, थोड्या वेळानं मांड्यांना मुंग्या यायच्या आणि अर्ध्या जेवणातून त्या उठायच्या. उशी देऊन बघितली, तर त्या वर गेल्या आणि पाय आणखीच लोंबकळले.

शेवटी मी माळ्यावरचा जुना सागवानी पाट काढला आणि त्यांच्या पायाखाली ठेवला. त्यांनी दोन्ही पाय त्यावर टेकवले, पाठ खुर्चीला लावली, दोन घास सावकाश खाल्ले आणि मीठ मागितलं. एरवी मीठ कमी असलं तरी त्या गप्प खायच्या, लवकर उठायचं असायचं म्हणून. आता निवांत बसल्या होत्या. त्या दिवसापासून माझा एक शिरस्ता झाला: ताटं मांडायच्या आधी प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघायचं. पाणी हाताला येतं का, डोळ्यावर दिवा येतो का, पंख्याचा वारा थेट भातावर लागतो का. उभं राहून मांडलेलं टेबल दिसतं छान, पण बसणाऱ्याची अडचण बसल्याशिवाय कळत नाही.

मग कापड. टेबलावर प्लॅस्टिकचं होतं, उन्हाळ्यात कोपराला चिकटायचं. आत्याबाईंचं एक इरकली लुगडं विरलं होतं, त्याच्या मधल्या भागाचं टेबलापुरतं कापड शिवून घेतलं. काठ दोन्ही बाजूंनी वीतभर खाली येतो, त्याहून जास्त नाही, नाहीतर गुडघ्यात अडकतो. पदर मी कापू दिला नाही, तो घडी करून कपाटात आहे. सुती कापडाचा मोठा फायदा म्हणजे हळदीचा डाग. साबण लागला की तो लालभडक होतो आणि नवखी बाई घाबरते. पण तसाच धुऊन कडक उन्हात वाळत घालावा, उन्हानं हळदीचा रंग उडतो. मराठवाड्यात उन्हाची काय कमी! नणंदेनं औरंगाबादी हिमरूची शाल टेबलावर घालायला सुचवली होती. तिच्यात सूत असतं तसं रेशीमही असतं. इतकं नाजूक विणकाम आमटीच्या वाटीखाली घालायला माझा जीव होईना. ती महालक्ष्म्यांच्या मागच्या पडद्याला लावली, तिथंच ती शोभते.

उजेडाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. पांढऱ्या ट्यूबमध्ये वरण फिकट दिसायचं आणि माणसांचे चेहरे दमलेले. टेबलाच्या वर अडीच फुटांवर पिवळसर उजेडाचा एक बल्ब लोंबता घेतला, खोक्यावर 2700 केल्विन लिहिलेला, आणि ट्यूब बंद केली. रात्रीचं साधं जेवणसुद्धा तेवढ्यानं बदललं. ज्वारीची भाकरी, पिठलं, बुक्कीनं फोडलेला कांदा, शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं तेल. मुलगी पुण्याला गेल्यापासून आम्ही तिघंच असतो. तिघांची ताटं समोरासमोर दूर न मांडता टेबलाच्या एका टोकाला जवळजवळ मांडते. आत्याबाईंना डाव्या कानानं चांगलं ऐकू येतं, म्हणून हे त्यांच्या डावीकडे बसतात. टीव्ही बंद. भाकरी दुरडीत, खाली आणि वर सुती फडकं, म्हणजे वाफेनं ती ओलसर होत नाही. एवढीच मांडणी, पण जेवण अर्धा तास चालतं आणि आत्याबाई त्यांच्या माहेरच्या विहिरीपासून सगळं सांगत बसतात. सणाच्या टेबलापेक्षा मला हेच जास्त प्रिय आहे, खरं सांगते.

तरी सण तर करायचाच होता, आणि ताट वाढायची रीत मोडायची नव्हती. मीठ आधी, वर मध्ये. डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे जे बोटानं थोडं थोडं घ्यायचं ते. उजवीकडे भाज्या आणि आमटी, कारण जेवणारा हात तिकडचा. मधोमध वरणभाताची मूद, वर तूप. टेबलावरही ही रीत जशीच्या तशी बसते. अडचण येते ती वाढण्याची. पंगतीत वाढणारी समोरून वाकून वाढते, जेवणारीला ती दिसते. टेबलावर तिला मागून यावं लागतं, आणि उकळती येळवणीची आमटी कुणाच्या खांद्यावरून न्यायची म्हणजे जिवाला घोर. म्हणून आमटीच्या वाट्या आधीच भरून ठेवल्या, आणि बाकी वाढप डाव्या खांद्याकडून. उजव्या हाताचा घास अडत नाही.

सोळा भाज्या आमच्याकडे वेगवेगळ्या करतात. प्रत्येकीला सोळा वाट्या दिल्या तर चार ताटांच्या चौसष्ट होतात. ज्यांनी लातूरचा 2016 चा उन्हाळा काढलाय त्यांना वाट्या मोजायची सवयच लागली आहे. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि घरोघरी लोक पत्रावळीवर जेवत होते, ताट विसळायला पाणी नको म्हणून. मी पातळ भाज्यांनाच वाट्या दिल्या, कोरड्या भाज्या ताटातच थोड्या थोड्या वाढल्या. ताट मोठं घेतलं, पितळी, दिवाळीच्या आधीच कल्हई करून घेतलेलं. कल्हई उडालेल्या पितळेत कढी किंवा आंबील कळकते, त्यामुळे तो खर्च टाळत नाही.

रांगोळी टेबलावर नको, पंख्यानं ती आमटीत जाते. ती टेबलाच्या चार पायांभोवती काढली आणि ताटांभोवती शेवंतीच्या पाकळ्या ठेवल्या. निशिगंध बाहेरच्या खोलीत, त्याच्या वासापुढं पुरणाचा वास मरतो. उदबत्ती आणि समई देवळीत, तिथं वारा लागत नाही आणि धूर तोंडावर येत नाही. नैवेद्याचं ताट मात्र देवीपुढंच, जमिनीवर, खाली पाण्याचं चौकोनी मंडल करून. त्यात मी काही बदललं नाही.

आता राहिला खरा प्रश्न. आत्याबाई म्हणाल्या, "सवाष्णी खाली आन् मी वर खुर्चीवर? शोभंल का ते?" त्यांचं बरोबर होतं. पंगतीत एकीला उंच बसवलं की ती पंगत राहत नाही. मग मी टेबल एकट्या त्यांच्यासाठी मांडलंच नाही. गल्लीतल्या त्यांच्याच वयाच्या तीन जणींना पहिल्या पंगतीला बोलावलं. चौघींचेही गुडघे दुखतात, चौघीही गेली काही वर्षं सणाला "भूक नाही" म्हणून बाजूला बसायच्या. चौघी टेबलाला बसल्या, प्रत्येकीच्या पायाखाली पाट. तरण्या बायका नंतर खाली बसल्या, रीतसर.

पुरणपोळीवर तूप वाढताना आग्रह सुरू झाला. आत्याबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून शेजारणीच्या ताटात आपल्याच हातानं अर्धी पोळी वाढली. शेजारीण "नको नको" म्हणत खात राहिली. आंबील दोनदा मागितली गेली. दुसऱ्या पंगतीला उशीर होत होता, तरी कुणी त्यांना उठवलं नाही.

निघताना शेजारच्या मावशींनी मला बाजूला घेऊन टेबलाचं माप विचारलं. मी कागदावर लिहून दिलं: टेबल तीस इंच, खुर्ची अठरा, माणशी दोन फूट, आणि पायाखाली चार इंचाचा पाट. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या लेकानं सुतार बोलावला. आता वेळ अमावस्या येईल, शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण. शेतात खोपीपुढं भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी, आणि आंबिलीची पंगत बसते, तिथं टेबल नसतं. ट्रॅक्टरमध्ये दोन घडीच्या खुर्च्या, एक घडीचं छोटं टेबल आणि तो जुना पाट न्यायचं ठरलंय. शेतातली जमीन सपाट नसते, म्हणून टेबलाच्या पायांखाली घालायला ह्यांनी लाकडाचे ठोकळेही कापून ठेवलेत.