मुलं गावी गेली तरी मेस चालू ठेवली

सदाशिव पेठेतली आमची मेस स्पर्धा परीक्षांच्या मुलांवर चालते. महिन्याचे पैसे आगाऊ, गावी गेलं की खाडे वजा. मार्च 2020 मध्ये पुण्यात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि बघता बघता मुलांनी बॅगा भरल्या. धंदा बसलाच, वर अर्ध्या महिन्याचे पैसे आम्हीच देणं लागत होतो. 5 एप्रिलची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे गेलेली. परत कधी येणार, हे मुलांनाही सांगता येईना.

आम्ही नवरा-बायकोने खाड्यांची वही काढून एकेकाचा हिशोब केला. ज्यांना नड होती त्यांचे पैसे लगेच पाठवले, बाकीचे म्हणाले, "काकू, जमा राहू द्या." गल्ला रिकामा असताना हे जड गेलं. पण ही मुलं एकमेकांना विचारूनच मेस लावतात. एकाचे बुडवले असते तर पुढची बॅच आमच्या दारात आली नसती.

गाळ्याच्या मालकांनी काही महिने निम्म्या भाड्यावर भागवून घेतलं. खरा घोर मुद्रा कर्जाच्या, म्हणजे छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जाच्या, हप्त्याचा होता. 27 मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने थांबवायची मुभा दिली, पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. ओळखीतले कितीतरी जण ही माफीच समजून बसले होते. हप्ता थांबतो, व्याज चढतच राहतं. म्हणून आम्ही ज्या महिन्यात जमलं त्या महिन्यात निदान व्याजापुरते पैसे भरले. नंतर केंद्राची आपत्कालीन पतहमी योजना आली: 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी त्याच्या 20 टक्के जादा कर्ज सरकारच्या हमीवर, नवं तारण नाही, पहिलं वर्ष फक्त व्याज. त्या पैशांतून आधी वाण्याची उधारी फेडली, मग पोळ्या करणाऱ्या मावशींचा राहिलेला पगार दिला. मावशी गेल्या असत्या तर मेस पुन्हा उभीच राहिली नसती, हे मी आजही ठामपणे सांगते.

ऑक्टोबर 2020 मध्ये हॉटेलांना निम्म्या क्षमतेने बसवून वाढायची परवानगी मिळाली, पण बसायला मुलंच कुठे होती! थोडी थोडी परतू लागली तोवर 11 मार्च 2021 ला, तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुन्हा पुढे ढकलली. आमची मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली. त्यांचा संताप मला पुरता कळत होता. शेवटी 21 मार्चला परीक्षा झाली.

एप्रिलची लाट मात्र भयानक होती. घरंच्या घरं आजारी, स्वयंपाक करायला कोणी उभं नाही. सोसायट्यांमधून फोन येऊ लागले आणि आम्ही डब्याकडे वळलो. मऊ भात, मुगाचं वरण, कमी तिखटाची भाजी, दोन पोळ्या. स्टीलचे डबे वापरणं बंद केलं आणि फेकून देता येतील असे आणले, कारण रुग्णाच्या घरातून डबा परत आणून घासणं मावशींच्या जिवाशी खेळ होता. डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवून मागे सरायचं, पैसे फोनवर. मागणी वाढली तरी दर वाढवला नाही. माणूस आजारी असताना त्याच्या जेवणावर जास्त कमवायचं नाही, एवढं आम्ही आधीच ठरवलं होतं.

त्या गिऱ्हाइकांतली काही ज्येष्ठ मंडळी बरी झाल्यावरही डबा घेत राहिली. आता मेसला सुट्टीचे महिने आले की त्याच डब्यांवर भाडं निघतं. जुनं कर्जही फिटलं आणि जादा घेतलेलंही.