तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटातला समुद्री डोंगर कोणी बांधला?

भूशास्त्र हा माझा व्यवसाय आणि पश्चिम टेक्सास हे माझे राहण्याचे ठिकाण असल्यामुळे, महाराष्ट्रातून येणारे पाहुणे ग्वादालुपे पर्वताच्या पायथ्याशी उभे राहून मला हमखास एकच प्रश्न विचारतात: हा डोंगर म्हणजे एके काळची समुद्रातली रीफ, म्हणजे सजीवांनी बांधलेली भित्ती, आहे असे म्हणता, तर मग यात प्रवाळ कुठे आहेत? सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टची सवय असलेल्या माणसाला हा फिकट चुनखडक आधीच परका वाटतो, आणि रीफ म्हटली की प्रवाळ आलेच, हे आपल्या सगळ्यांच्याच मनात पक्के बसलेले असते. सरळ उत्तर असे की येथे प्रवाळ जवळजवळ नाहीत. ही भित्ती स्पंज, ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे इवलेसे समुद्री प्राणी) आणि खडकावर कवच धरणाऱ्या सूक्ष्मजीवांनी उभी केली, आणि तिला टिकाऊपणा दिला तो समुद्राच्या पाण्याने.

सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडात, हा भूभाग पॅन्जिया या महाखंडाच्या पश्चिम काठाजवळ, विषुववृत्ताच्या अगदी निकट होता. येथे डेलावेअर नावाचा खोल समुद्र होता आणि एका चिंचोळ्या वाटेने तो बाहेरच्या महासागराला जोडलेला होता. त्याच्या कडेने घोड्याच्या नालाच्या आकाराची, सुमारे ६४० किलोमीटर लांबीची कॅपिटन रीफ वाढली. ती वर जेवढी वाढली, त्याहून कितीतरी अधिक पुढे सरकली. तिच्या माथ्यावरून कोसळलेले तुकडे समोरच्या खोल उतारावर साचत गेले, आणि त्याच ढिगाऱ्यावर पाय रोवून रीफ काही किलोमीटर समुद्राकडे गेली.

आता बांधणाऱ्यांविषयी. येथले स्पंज स्नानगृहातल्या मऊ स्पंजासारखे नव्हते; त्यांची शरीरे चुनखडीची, बहुतेकांची एकावर एक कप्पे रचलेली आणि आकाराने लहानच होती. त्यांच्यासोबत जाळीदार पंख्यांसारखे ब्रायोझोआ वाढत. खडकाचे काप बारकाईने तपासल्यावर एक फार गमतीची गोष्ट लक्षात आली. यातले पुष्कळ स्पंज जमिनीवर ताठ उभे नव्हते, तर रीफमधल्या पोकळ्यांच्या छताला उलटे लटकत होते. हे कळते कसे? पोकळीत शिरलेला गाळ नेहमी तळाशीच बसतो. तो कोणत्या बाजूला साचला आहे हे पाहिले की त्या काळचे वर आणि खाली ठरवता येते, आणि मग स्पंज कोणत्या दिशेने वाढत होता हेही उघड होते. माझ्या मते या साऱ्या डोंगरात याहून देखणा पुरावा दुसरा नाही.

असले नाजूक प्राणी लाटांपुढे टिकले कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो पाहुण्यांनी विचारला नाही तरी मी तो काढतोच. कोकणातल्या जुन्या घराचा कूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल: कामट्या आधार देतात, पण भिंत होते ती लिंपणामुळे. स्पंज आणि ब्रायोझोआ यांच्या सांगाड्यावर ट्युबिफायटीस आणि आर्किओलिथोपोरेला या जीवांची पुटे चढली (हे दोन्ही नेमके कोणत्या कुळातले, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही), आणि उरलेल्या पोकळ्यांत समुद्राच्या पाण्यातून अ‍ॅरागोनाइट या चुनखनिजाचे सुयांसारखे स्फटिक पंख्याच्या आकारात वाढले. विरघळलेल्या चुन्याने ते पाणी संपृक्त होते, आणि लाटा व भरती-ओहोटी ते सतत सच्छिद्र रीफमधून खेळवत राहिल्या. काही ठिकाणी तर खडकात सांगाड्यांपेक्षा ही पुटे आणि हे स्फटिकच अधिक भरतात. शिवाय आजच्या रीफचा चुरा करणारे पोपटमासे तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

म्हणूनच काही भूशास्त्रज्ञ हिला रीफ म्हणायलाच कचरतात. सर्वांत उंच, उथळ भाग रीफच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला होता आणि रीफ त्याहून थोड्या खोल पाण्यात वाढत होती, असेही त्यांचे म्हणणे आहे. खोलीविषयीचे म्हणणे मला पटते, परंतु लाटांना तोंड देणारी रचना म्हणजे रीफ, हा निकष धरला तर नाव काढून घेण्याचे कारण मला दिसत नाही. पृथ्वीच्या इतिहासात हे काम निरनिराळ्या जीवांनी केले आहे: कँब्रियन कालखंडात आर्किओसायथ नावाच्या स्पंजांनी, डेव्होनियनमध्ये स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाच्या स्पंजांनी, क्रेटेशसमध्ये रुडिस्ट शिंपल्यांनी. आजच्या प्रवाळांचा गण तर ट्रायासिकमध्ये, म्हणजे कॅपिटन रीफ संपल्यानंतर, अवतरला.

ही रीफ संपली ती समुद्राची वाट बंद होत गेल्यामुळे. पाणी आटले, खोलगट भाग जिप्समसारख्या क्षारांच्या थरांनी भरला आणि रीफ त्यांखाली गाडली गेली. पुढे भूकवचाच्या हालचालींनी हा प्रदेश वर उचलला गेला, मऊ व विरघळणारे जिप्सम झिजून गेले आणि कठीण चुनखडक उघडा पडला. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या कार्ल्सबाडच्या गुहाही याच खडकात आहेत. तेलाच्या साठ्यांकडून वर आलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून सल्फ्युरिक आम्ल तयार झाले आणि त्याने त्या कोरल्या.

प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर महामार्गावरून या पर्वताच्या एल कॅपिटन नावाच्या कड्याचे छायाचित्र घेऊन परत फिरू नका. मॅककिट्रिक कॅन्यनमधल्या पर्मियन रीफच्या पायवाटेने चढा. ती प्राचीन समुद्राच्या उताराच्या पायथ्यापासून रीफच्या गाभ्यापर्यंत नेते. भिंग जवळ ठेवा, पाणी भरपूर घ्या, आणि हातोडी मात्र घरीच ठेवा, कारण राष्ट्रीय उद्यानातला दगड फोडण्यास किंवा उचलण्यास मनाई आहे.